उचलली जीभ, पण टाळू कुठाय?

मित्रहो, हा लेख वाचण्याआधी एक छोटंसं प्रॅक्टिकल करा. जर्नल लिहायचं नाही, सबमिशन नाही, व्हायवा तर नाहीच नाही! दोन बोटांच्या चिमटीत नाक घट्ट धरा आणि मोठ्याने म्हणा, "मामा". काय ऐकू आलं? जवळजवळ "बाबा"! रूम पार्टनर हसला तर हसू द्या, आणि मग त्यालाही करायला लावा.

कारण सोपं आहे. 'म' आणि 'ब' म्हणताना ओठ अगदी सारखेच मिटतात. फरक एवढाच, की 'म'ला हवा नाकातून बाहेर पडते आणि 'ब'ला नाकाचा रस्ता आतून बंद होतो. पहिलीत पाठ केलेली वर्णमाला आठवा. क, च, ट, त, प हे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. पाच बाय पाचचं मॅट्रिक्सच ते! वरच्या ओळीपासून खाली येताना आपण घशाकडून ओठांकडे येतो. आणि शेवटचा कॉलम बघा: ङ, ञ, ण, न, म. ही अनुनासिकं, म्हणजे नाक उघडं. पहिल्या चार कॉलमना मात्र नाक बंद लागतं. ते बंद करायचं काम टाळूचं. पुढची हाडाची टाळू म्हणजे भिंत आणि मागची मऊ टाळू म्हणजे व्हॉल्व्ह. (टाळू म्हणजे इथे डोक्यावर तेल थापायची नव्हे, तोंडातलं छत. आपल्याकडे दोन्हीला शब्द एकच, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.)

आता समजा, या भिंतीला भोक पडलं. काय होईल? मॅट्रिक्सचे चारही कॉलम घसरून पाचव्यात जाऊन पडतील. 'बाबा'चं 'मामा' होईल, 'दादा'चं 'नाना' होईल. 'स' आणि 'श' नाकातून फुसफुसत निघून जातील. पाणी प्यायलं तर नाकातून बाहेर येईल, आमटी-भात खाल्ला तर त्यातली शितं नाकात जाऊन बसतील. आणि हे व्हायला भोक फार मोठं लागत नाही. मागच्या व्हॉल्व्हमधली फट साधारण २० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेली की बोलणं गेंगाणं ऐकू यायला लागतं, असं या विषयातले लोक मानतात. २० चौरस मिलिमीटर म्हणजे व्यास ५ मिलिमीटर. आपली ड्रॉइंगची पेन्सिल याहून जाड असते!

विचार न करता बोलणाऱ्याला आपण म्हणतो, "उचलली जीभ, लावली टाळ्याला". म्हणजे जीभ टाळूला लावणं ही जगातली सगळ्यात फुकटची गोष्ट, असं आपण धरूनच चालतो. ज्यांना ही सोय उरलेली नाही अशा माणसांबद्दल आणि त्यांच्या तोंडातल्या एका लहानशा उपकरणाबद्दल हा लेख आहे. उपकरणाचं नाव ऑब्ट्युरेटर. लॅटिनमध्ये मूळ अर्थ 'बुजवणारा'. पेशंट लोक त्याला साधं 'प्लेट' म्हणतात. दिसायला कवळीसारखी प्लेट, आणि भोक असेल त्या जागी वरच्या बाजूला एक फुगवटा, जो त्या पोकळीत जाऊन बसतो. बस, एवढंच.

पण "बस, एवढंच" हेच मला खोडून काढायचंय. माझं म्हणणं असं आहे, की ही प्लेट बनवणं म्हणजे अर्धंच काम. ती रोजच्या रोज बसती, हलकी, स्वच्छ आणि परवडणारी ठेवणं हे उरलेलं अर्धं. खरी इंजिनिअरिंग त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. आणि आपल्या कॉलेजात प्रोजेक्ट करायची जी पद्धत आहे, तिच्यात या दुसऱ्या अर्ध्याला जागाच नाही.

आधी भोक पडतं कशाने ते बघू. जन्मतःच ओठ किंवा टाळू दुभंगलेली बाळं असतात. आपल्याकडे अजूनही गावात लगेच विचारतात, "ग्रहणात काही चिरलं होतं का गं?" बिचाऱ्या आईने भाजी चिरण्याचा आणि गर्भातल्या बाळाच्या टाळूच्या दोन बाजू न जुळण्याचा काडीचाही संबंध नाही. टाळूच्या या बाजू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळायच्या असतात. या बाळांवर मुख्य इलाज शस्त्रक्रियेचा. तोपर्यंत दूध ओढता यावं म्हणून काही ठिकाणी छोटी प्लेट देतात, किंवा वाटी-चमच्याने पाजतात. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. मी बोलणार आहे ते मोठेपणी टाळू गमावलेल्यांबद्दल, म्हणजे कर्करोगात वरचा जबडा काढावा लागलेल्यांबद्दल, आणि २०२१ नंतर ज्यांची संख्या एकदम वाढली त्या काळ्या बुरशीच्या पेशंटांबद्दल.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे-जूनमध्ये 'म्युकरमायकोसिस' हा जीभ वळणार नाही असा शब्द घराघरात पोहोचला होता. आपण तेव्हा शाळेत, मोबाईलवर ऑनलाइन तास करत होतो. ही बुरशी नाकाशेजारच्या पोकळ्यांत शिरते, रक्तवाहिन्या बंद पाडते आणि रक्त न मिळाल्यामुळे हाड मरतं. डायबेटिस असलेले आणि स्टेरॉइडचे डोस घेतलेले लोक जास्त सापडले. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत पेशंट सर्वांत जास्त होते. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हा-जिल्हा पालथा घालत होते. जी माणसं वाचली, त्यांच्यातल्या कित्येकांचा वरचा जबडा अर्धा, कधी पूर्ण, काढावा लागला. कुणाचा एक डोळाही गेला. पेपरात त्या वेळी रोज आकडे येत. किती सापडले, किती गेले. वाचलेल्यांनी पुढे जेवायचं आणि बोलायचं कसं, यावर मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

माझा मामा त्यांच्यातला एक. (वरच्या प्रॅक्टिकलमध्ये 'मामा' हा शब्द आला तो मात्र निव्वळ योगायोग!) मामा एसटीत कंडक्टर. डाव्या बाजूचा वरचा जबडा, दात आणि टाळूचा अर्धा भाग काढला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाबांना हाक मारली, ती 'भाऊजी'ची 'म्हाऊजी' अशी ऐकू आली. आम्ही सगळे गप्प. मामाच मग पाटीवर लिहून बोलायला लागला. कंडक्टरच्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कोणता? 'तिकीट'. या शब्दातलं प्रत्येक व्यंजन तपासा. त, क, ट. तीनही पहिल्या कॉलममधली! तिन्हींना तोंडात हवेचा दाब धरून ठेवावा लागतो. दाब किती, तर पाण्याच्या पाच-सात सेंटिमीटर उंचीएवढा. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधल्या पाऱ्याच्या मॅनोमीटरवर तो दिसेल न दिसेल. पण भोक असलेल्या तोंडाला तेवढाही धरता येत नाही.

प्लेट एकदाच मिळत नाही, तीन टप्प्यांत मिळते. पहिली ऑपरेशनच्या टेबलावरच बसवतात, जखमेतलं पॅकिंग धरून ठेवायला आणि शुद्धीवर आल्यावर घोटभर गिळता यायला. दुसरी काही महिन्यांची, कारण जखम भरताना पोकळीचा आकार सारखा बदलत असतो. आणि सगळं स्थिरावल्यावर तिसरी, कायमची. 'कायमची' हा शब्दही आपला म्हणायचा. हाड झिजतं, हिरड्या बदलतात, आकड्याच्या तारा सैल होतात. मामाच्या पहिल्या वर्षात शहरातल्या हॉस्पिटलच्या अकरा फेऱ्या झाल्या. एका बाजूने पाच तासांचा प्रवास, आणि खुर्चीत बसल्यावर काम कधीकधी दहा मिनिटांचं. इथे थोडं घासा, तिथे थोडं भरा. डॉक्टर चांगले होते, काम चांगलं होतं. पण प्रत्येक फेरीला एक रजा, आणि ती फेरी गरजेची होती की नाही हे तिथे पोहोचल्यावरच कळणार.

२०२२ मध्ये कायमची प्लेट बसल्यावर मामा पुन्हा गाडीवर गेला. आज तो 'तिकीट' म्हणतो आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जातं. जेवताना मात्र कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसतो, कारण जेवण झालं की प्लेट काढून धुवावी लागते आणि लोक बघतात.

आता जरा इतिहास. ही कल्पना अजिबात नवी नाही. सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यविशारद आंब्रोझ पारे याने धातूच्या पातळ पत्र्याला वरून स्पंज लावलेलं बुच वर्णन केलंय. स्पंज ओला झाला की फुगायचा आणि पोकळीत अडकून बसायचा. आयडिया भारी, पण नाकातला ओला स्पंज! वासाची कल्पना करा. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात स्क्रूने उघडणारे पंख असलेली बुचं दिली आहेत. आत घालायची, किल्ली फिरवायची, पंख पसरले की प्लेट अडकली. म्हणजे प्लेट खाली पडू नये यासाठी माणसाची खटपट पाचशे वर्षं चालू आहे.

पुढे दोन बड्या लोकांची उदाहरणं आहेत आणि ती शेजारी-शेजारी ठेवण्यासारखी आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूवर १८९३ मध्ये गाठ आली. देशात आर्थिक घबराट होती, बातमी फुटली तर बाजार कोसळेल म्हणून १ जुलै १८९३ रोजी एका मित्राच्या 'ओनिडा' नावाच्या बोटीवर गुपचूप ऑपरेशन झालं. मिशीला धक्का न लावता, सगळं तोंडातून! नंतर दंतवैद्याने व्हल्कनाइज्ड रबराची प्लेट बसवली. बोलणं इतकं व्यवस्थित झालं, की बातमी छापणाऱ्या पत्रकारालाच लोकांनी खोटं ठरवलं. खरं काय ते त्या वेळच्या एका सर्जनने १९१७ मध्ये जाहीर केलं, तोवर क्लीव्हलंड वारूनही नऊ वर्षं झाली होती.

दुसरे सिग्मंड फ्रॉइड. १९२३ मध्ये त्यांना वरच्या जबड्याचा कर्करोग निघाला. व्हिएन्नामध्ये हान्स पिखलर या सर्जनने ऑपरेशन करून प्लेट बसवली. पुढची सोळा वर्षं, म्हणजे १९३९ मध्ये लंडनला मृत्यू येईपर्यंत, तीसहून जास्त ऑपरेशनं आणि प्लेटा बदलणं चालूच. घट्ट केली तर घासते, जखम होते. सैल केली तर बोलता येत नाही, जेवता येत नाही. घालायला-काढायला मुलगी ॲना मदत करायची. १९३१ मध्ये बोस्टनच्या काझांजियन या नामांकित तज्ज्ञाकडूनही नवी प्लेट करून घेतली, तरी त्रास संपला नाही. घरात त्या प्लेटला नावच पडलं होतं, 'राक्षस'. आणि या सगळ्यात सिगार काही सुटला नाही!

तत्त्व एकच. काळ तीस वर्षांच्या अंतराचा, आणि नंतरच्या माणसाला उलट चांगले डॉक्टर, चांगली साधनं मिळालेली. तरीही एकाची प्लेट कुणाच्या लक्षातही आली नाही आणि दुसऱ्याची राक्षस झाली. कारण पोकळीचा आकार वेगळा, आजार परतून येणं वेगळं, शिल्लक आधार वेगळा. म्हणून "ऑब्ट्युरेटरचा शोध लागला" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. तो प्रत्येक पेशंटमागे नव्याने लावावा लागतो.

आता आपल्या भाषेत बोलू. वरच्या जबड्याची एक बाजू गेली की दात उरतात दुसऱ्या बाजूला. प्लेट पकडायची त्या दातांना तारेच्या आकड्यांनी, आणि उरलेली अर्धी प्लेट पोकळीखाली अधांतरी. ओळखलंत? सेकंड इयरचा कॅन्टिलिव्हर बीम! फिक्स्ड एंडला काँक्रीट नाही, जिवंत दात आहेत. त्या टोकाला वजन वाढलं की मोमेंट वाढतो आणि दात रोज थोडे थोडे उपटले जातात. अरामनी यांनी १९७८ मध्ये या पोकळ्यांचे सहा वर्ग पाडले, तेही पोकळी आणि उरलेले दात यांच्या जागा एकमेकांच्या तुलनेत कशा आहेत यावरून. म्हणजे सपोर्ट कुठे आहेत ते बघून बीमचे प्रकार पाडल्यासारखंच.

एक गणित करा. फुगवटा ३० मिलिलिटरचा समजा आणि सोयीसाठी तो गोल धरा. मटेरियल ॲक्रिलिक, घनता साधारण १.१८. भरीव केला तर वजन ३५ ग्रॅम. तोच आतून पोकळ, दोन मिलिमीटर जाडीचा केला तर १० ग्रॅम. टोक दाताच्या आकड्यापासून तीन सेंटिमीटरवर असेल तर मोमेंट १०५ ग्रॅम-सेंटिमीटरवरून ३० वर. चावतानाचं बळ याच्या कितीतरी पट असतं, हे खरं. पण चावणं दिवसातून थोडा वेळ, गुरुत्वाकर्षण मात्र प्लेट तोंडात असेपर्यंत सुट्टी घेत नाही. म्हणून फुगवटा पोकळ करतात.

पण पोकळ केला की नवी भानगड. वरून उघडा ठेवला तर नाकातला स्राव त्यात साचतो, वास येतो. झाकण लावून बंद केला आणि सांधा जरा जरी कच्चा राहिला, तर पाणी आत झिरपतं. मग ते बाहेरही येत नाही आणि आतून धुताही येत नाही. मऊ बसावं म्हणून सिलिकॉनचं अस्तर लावलं तर त्यावर बुरशी धरते आणि ते बदलत राहावं लागतं. प्लेट उकळत्या पाण्यात टाकली तर वाकडी होते, कोरडी ठेवली तर आकार बदलतो. एकही उत्तर फुकट नाही. प्रत्येक सोयीची कुठेतरी किंमत मोजावी लागते, आणि मोजणारा पेशंट असतो.

इथे आपले सॉफ्टवेअरवाले मित्र म्हणतील, "अरे, सीटी स्कॅन घ्यायचा, मॉडेल करायचं, थ्रीडी प्रिंटरवर टाकायचं. काम खतम!" थ्रीडी प्रिंटिंगचा उपयोग आहेच. स्कॅनवरून मॉडेल छापलं की माप घेताना पेशंटचे हाल कमी होतात. नाहीतर पोकळीत गॉज भरून, मापाचं मटेरियल वर नाकात जाणार नाही याची काळजी घेत माप काढावं लागतं. पण स्कॅनमध्ये माणूस स्थिर पडलेला असतो. खऱ्या आयुष्यात तो गिळतो, जांभई देतो, खालचा जबडा उजवीकडे-डावीकडे नेतो आणि प्रत्येक वेळी पोकळीच्या कडा हलतात. म्हणून तर डॉक्टर मऊ मटेरियल लावून पेशंटला सांगतात, "गिळा, मान वळवा, तोंड मोठ्ठं उघडा", आणि त्या हालचालींनीच कडा घडवून घेतात. स्टॅटिक मॉडेलवर डायनॅमिक प्रश्न सुटत नाही, एवढं तरी आपल्याला समजायला हवं.

दुसरा आक्षेप: "हल्ली पायाचं हाड आणि मांस आणून जबडा परत तयार करतात, प्लेटचे दिवस संपले." तेही होतं, आणि जिथे जमतं तिथे छानच. पण ते मोठं ऑपरेशन आहे, प्रत्येकाची प्रकृती ते झेपणारी नसते आणि तशी टीम सगळीकडे नसते. शिवाय कर्करोगात प्लेट काढून आत बघता येतं, आजार परत तर आला नाही ना ते तपासता येतं. भिंत कायमची बांधली की आतलं एवढ्या सहज दिसत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा: "हे डॉक्टरांचं काम, आपण लुडबूड कशाला?" शंभर टक्के मान्य. आपल्यापैकी कुणीही वर्कशॉपमध्ये काही बनवून कुणाच्या तोंडात घालायचं नाही. तोंडात काय जाईल हे प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात-जबडा बसवणारे दंतवैद्यच ठरवणार. पण तोंडाबाहेर काय कमी काम आहे?

ते सांगण्याआधी एक कडू गोष्ट, आणि ती आपल्या गेटपासून फार लांबची नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी तो कुठे मिळतो हे फर्स्ट इयरच्या मुलालाही पहिल्या आठवड्यात कळतं. मावा, खर्रा आहेतच. सबमिशनच्या रात्री "झोप उडते" म्हणून सुरू होतं. सुपारीने गालाच्या आतलं कातडं कडक होत जातं आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. आता प्लेटचा विचार करा. वरच्या हिरडीला, टाळूला कर्करोग झाला, जबडा काढला, भोक पडलं. प्लेट बनवली. पण ती आत घालायची कशी? तोंडच उघडत नाही! अशा पेशंटसाठी मग दोन तुकड्यांची, आत गेल्यावर लोहचुंबकाने जोडली जाणारी प्लेट करतात. डिझाइन म्हणून सुंदर आहे. पण ज्याच्यावर अशी वेळ येते त्याला सौंदर्य दिसत नाही. म्हणून दुसरं प्रॅक्टिकल: आपली तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घाला. गेली तर ठीक. दोनच जात असतील, तर हा लेख इथेच ठेवा आणि उद्या सकाळी दंतवैद्याकडे जा.

आता तोंडाबाहेरची कामं. माझ्या डोक्यात तीन आहेत.

पहिलं, ई अँड टीसी आणि कॉम्प्युटरसाठी. नाक आणि तोंड यांच्यामध्ये एक आडवी पट्टी धरायची, वर एक माइक, खाली एक. एकूण आवाजापैकी नाकातून किती येतो त्याचं प्रमाण काढायचं. या तत्त्वावरची यंत्रं मोठ्या ठिकाणी आहेत. आपण साधं, स्वस्त, तालुक्याच्या गावी ठेवता येईल असं करू शकतो का? चाचणीची वाक्यं मराठीतली. "बाबा, ताटात भाकरी वाढा." यात एकही अनुनासिक नाही. "मामा, मीनाला नवीन नाणी मिळाली." हे अनुनासिकांनी खच्चून भरलेलं. प्लेट नीट बसलेल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवायचा. दोन महिन्यांनी बोलणं बिघडल्यासारखं वाटलं तर पुन्हा मोजायचं आणि डॉक्टरांना फोनवर सांगायचं. फेरी मारायची की नाही ते त्यांना ठरवू दे. अकरापैकी चार फेऱ्या जरी वाचल्या तरी चार रजा वाचल्या.

दुसरं, मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनसाठी. पोकळ फुगवटा गळतो की नाही हे पेशंटच्या तोंडात जाण्याआधी कळायला हवं. कोमट पाण्यात बुडवून वरची हवा थोडी खेचून घ्यायची आणि बुडबुडे येतात का बघायचं. आधी-नंतर वजन करून पाणी आत शिरलं का तपासायचं. प्लेटला इजा न करता धरणारं जिग, छोटा व्हॅक्यूम पंप आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा. आपल्या लॅबमध्ये यातलं बरंचसं धूळ खात पडलंय.

तिसरं, कुणालाही. ज्यांचा एक डोळा गेला आहे त्यांना खोलीचा अंदाज येत नाही, हात थरथरतो, आणि आरशासमोर प्लेट बसवायची असते. पडली तर फुटते. अशांसाठी पाण्यात ठेवायची डबी, धुवायचा ब्रश आणि आरसा यांचा एक सुटसुटीत संच. एसटी कँटीनच्या बेसिनवर दोन मिनिटांत, चारचौघांत न संकोचता काम झालं पाहिजे, हे त्याचं स्पेसिफिकेशन. ऐकायला फालतू वाटतं. मामाला विचाराल तर तो हीच मागणी पहिली करेल.

आणि आता स्टाफमधल्या सर-मॅडमना नम्र विनंती. आपल्याकडे प्रोजेक्ट व्हायवाच्या दिवशी मरतो. कुणी बुधवार पेठेतून, कुणी लॅमिंग्टन रोडवरून किट आणतं, एक्स्टर्नलसमोर एलईडी पेटतो, मार्क मिळतात आणि मॉडेल कपाटावर जातं. पुढच्या वर्षी नवी बॅच तेच मॉडेल पुसून पुन्हा आणते! ऑब्ट्युरेटरसारख्या उपकरणाला ही पद्धत कधीच लागू पडणार नाही, कारण ते बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खरा प्रश्न सुरू होतो. म्हणून दोन गोष्टी करता येतील. एक, जवळच्या डेंटल कॉलेजच्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागाशी रीतसर संपर्क ठेवावा, त्यांच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीने. दोन, प्रोजेक्टच्या शंभरातले निदान वीस मार्क असे असावेत, की मागच्या बॅचचं उपकरण घेऊन, ते वापरणाऱ्याला भेटून, काय बिघडलं ते वहीत लिहून दुरुस्त केल्यावरच मिळतील. नवं काही बनवल्याबद्दल नाही, जुनं चालू ठेवल्याबद्दल.

"याचा प्लेसमेंटला काय उपयोग?" हा प्रश्न मेसमध्ये येणारच. माझं उत्तर असं, की इंटरव्ह्यूमध्ये "तुम्ही काय बनवलं?" हे सगळ्यांनाच विचारतात आणि सगळ्यांची उत्तरं सारखी असतात. "ते सहा महिन्यांनी चालत होतं का?" या प्रश्नाला उत्तर असणारा विरळा. तरीही उपयोग झाला नाही तर नाही. एका माणसाला भिंतीकडे पाठ करून जेवता आलं तर माझा तरी हिशेब जुळतो.

पुढच्या सेमिस्टरला प्रोजेक्टचे ग्रुप पडतील. माझ्या ग्रुपमध्ये सध्या दोघंच आहोत, दोघंही मेकॅनिकलचे. माइकचं काम कळणारा ई अँड टीसीचा एक, प्रोग्रॅमिंग येणारा एक, आणि मराठी वाक्यं जुळवायला वाङ्मय मंडळातलं कुणीतरी हवंय. रविवारी मेस सुटल्यावर ड्रॉइंग हॉलमध्ये या. येताना तीन बोटांचं प्रॅक्टिकल मात्र करून या!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी